नात्याला दोन टोके असतात



अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या पहिल्या पिढीच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. इंटरनेटवर विखुरलेली वैयक्तिक माहिती एकत्र जोडून माणसांच्या ओळखीपाळखीचे जाळे शोधणारी साधने, हा आजचा विषय. तो ऐकायला संगणकवाल्यांचा वाटतो. पण ज्या पिढीचे आपण स्मरण करतो आहोत, तिला तो परका नव्हता.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेतली देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक इकडे येऊ लागले. नव्या गावात बिऱ्हाड मांडले की टेलिफोन डिरेक्टरी उघडायची. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशपांडे असे एखादे आडनाव दिसले की धीर करून फोन लावायचा आणि ‘आपण मराठी का?’ म्हणून विचारायचे. अशा फोनांतून घरोबा झाला, घरोब्यातून गणपती बसले आणि गणपतीतून मंडळे उभी राहिली. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे, तर सगळ्या मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे.

त्या डिरेक्टरीत काय होते आणि काय नव्हते, हे आधी पाहू. नाव, पत्ता, नंबर एवढेच तिच्यात होते. ज्याला नाव छापून यायला नको असेल, तो कंपनीला सांगून ते वगळून घेई. फोन करणाऱ्याला आधी स्वतःचे नाव सांगावे लागे आणि पलीकडच्याला तो ठेवून देता येई. मुख्य म्हणजे कोण कोणाला ओळखतो, हे त्या पुस्तकात नव्हते. ती माणसांची यादी होती. आजची साधने नात्यांची यादी करतात आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझे नाव माझे आहे, माझा फोन नंबर माझा आहे. पण माझे तुमच्याशी असलेले नाते एकट्या माझे नाही. त्याला दोन टोके आहेत. ही साधने मात्र एकाच टोकाला विचारतात आणि दुसऱ्या टोकाची माहिती परस्पर घेऊन जातात. गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत या बाबतीत जे काही बिघडले, त्यातले बरेचसे यातून बिघडले आहे.

नात्यांचा नकाशा काढण्याची कल्पना इंटरनेटच्या फार आधीची. १९३२ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी मुलींनाच विचारून, कोणाचे कोणाशी जमते याची चित्रे काढली: मुलीसाठी वर्तुळ, आपुलकीसाठी रेघ. कोणती मुलगी पळाली, याचा उलगडा तिच्या स्वभावापेक्षा त्या जाळ्यातल्या तिच्या जागेवरून अधिक होतो, असे त्यांनी मांडले. माणसाला समजून घ्यायचे तर त्याच्या गोतावळ्याकडे पाहा, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते; मोरेनोंनी ते कागदावर काढून दाखवले.

पुढे १९६७ मध्ये स्टॅन्ली मिलग्रम यांनी ‘जग लहान आहे’ हा आपला प्रसिद्ध प्रयोग मांडला. जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी १९६९ मध्ये त्याचा तपशील छापला. नेब्रास्का आणि बॉस्टनमधल्या २९६ जणांना सांगितले होते की बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत हे पाकीट पोहोचवा. मात्र ज्याला तुम्ही नावानिशी ओळखता, अशाच माणसाच्या हाती द्या. ६४ पाकिटे पोहोचली. मधले दुवे सरासरी पाचाहून थोडे अधिक. ‘सहा पायऱ्यांत जग’ हे जे आपण ऐकतो, ते इथून आले. न पोहोचलेल्या पाकिटांबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे: दलालाच्या घरी आलेल्या २४ पाकिटांपैकी १६ एकाच माणसाने आणून दिली, दलालाच्याच गावातल्या एका कापड व्यापाऱ्याने. जाळ्यात सगळे सारखे नसतात. काही माणसांवरून सगळ्यांचे रस्ते जातात.

या ओळखींचे मोल काय, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटत असे? नेहमी भेटणारा, असे सांगणारे १६.७ टक्के, ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचितच’ म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे जिवलगापेक्षा ओझरती ओळख जास्त कामी आली, कारण जिवलगाला माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. इथे जमलेल्यांपैकी कितीतरी जणांची पहिली नोकरी, पहिले भाड्याचे घर आणि मुलांचा डॉक्टर अशाच ओझरत्या ओळखीतून मिळाला असेल. म्हणून नात्यांचा नकाशा काढणाऱ्या साधनांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. परक्या देशात आलेल्या माणसाची ती गरज आहे.

ही गरज इंटरनेटवर भागवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न २००० साली सुरू झाला. ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’, थोडक्यात ‘फोफ’, असे त्याचे नाव. डॅन ब्रिकली आणि लिबी मिलर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे तो सुरू केला आणि अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली तेव्हा एमआयटीत बसून ‘पाने जशी पानांना जोडली, तशी माहिती माहितीला जोडू’ असे म्हणत होते. फोफ हा त्याच विचाराचा, माणसांपुरता अवतार.

त्याची घडण जरा जवळून पाहू, कारण ती शहाणपणाची होती. समजा, मला माझी फोफ फाइल करायची आहे. ती मी लिहिणार आणि माझ्याच संकेतस्थळावर ठेवणार. पहिल्या ओळीत माझे नाव. पुढे माझ्या पानाचा पत्ता, माझा फोटो, माझ्या आवडी. मग ‘मी यांना ओळखतो’ अशी नोंद आणि तिच्याखाली तुमचे नाव. त्यासोबत ‘यांची स्वतःची फाइल इथे आहे’ असा पत्ता. शोधणारे साधन माझी फाइल वाचते, त्या पत्त्यावरून तुमच्या फाइलीकडे जाते, तिथून तुमच्या मैत्रिणीच्या. फोफनॉट नावाचे असेच एक साधन पडद्यावर माणसे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा काढून दाखवी. एका नावावर टिचकी मारली की त्याच्याभोवती आणखी नावे उमलत. मधे कुठली कंपनी नाही, सगळ्यांची माहिती साठवणारे एकच कोठार नाही. उद्या मला नकोसे झाले, तर मी माझी फाइल काढून टाकणार.

अडचण एकच होती. अनेक फाइलींतले ‘एस. जोशी’ एकच की निरनिराळे, हे यंत्राने कसे ओळखायचे? ईमेलचा पत्ता दोघांचा सारखा नसतो, म्हणून तो खूण म्हणून धरला. पण तो उघड्यावर ठेवला तर जाहिरातवाले उचलणार. तेव्हा पत्त्यावर गणिती प्रक्रिया करून तयार होणारी ४० चिन्हांची मालिका फाइलीत ठेवायची, असा तोडगा निघाला. त्या मालिकेवरून पत्ता उलटा काढता येत नाही. मात्र दोन फाइलींत एकच मालिका दिसली, की माणूस एकच. पण यातही मेख होती. ज्याच्याकडे पत्त्यांची मोठी यादी आहे, त्याने प्रत्येक पत्त्यावर तीच प्रक्रिया केली की कोणती मालिका कोणाची, हे त्याला आपोआप कळते. नोंदी जोडणारी खूणच माणसाला उघडे पाडणारी खूण ठरते. तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्रातला हा पेच सुटलेला नाही.

लाइव्हजर्नलसारख्या अमेरिकी संस्थळांनी आपल्या सदस्यांच्या फोफ फाइली यंत्रानेच तयार करून दिल्या. २००८ च्या फेब्रुवारीत गुगलने वेबवरची अशी उघडी नाती गोळा करून कोणालाही विचारता येतील, अशी सेवा सुरू केली. २०१२ च्या एप्रिलमध्ये ती बंद केली. तोवर लोक आपापल्या फाइली लिहायच्या सोडून फेसबुकवर गेले होते. ते सोपे होते. सगळे तिथेच भेटत होते. नकाशा मात्र आपल्या हातातून कंपनीच्या हातात गेला.

त्यानंतर काय झाले, याच्या तीन हकिकती सांगतो. तिन्ही अमेरिकेतल्या आणि जाहीर आहेत.

पहिली फेसबुकची. फेसबुकने बाहेरच्या ॲपना अशी मुभा दिली होती की एखाद्याने परवानगी दिली, तर त्याच्यासोबत त्याच्या मित्रांचीही माहिती घेता येईल. अलेक्झांडर कोगन या संशोधकाने व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप केले. ते सुमारे २,७०,००० लोकांनी घेतले. माहिती किती जणांची गेली? २०१८ मध्ये फेसबुकने स्वतःच आकडा दिला: ८ कोटी ७० लाखांपर्यंत. ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे पोहोचली. भागाकार केला तर एका होकारामागे तीनशेहून अधिक माणसे. त्या तीनशेंना कोणी विचारले नव्हते. मित्रांची माहिती घेण्याची ती वाट २०१५ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. गेलेली माहिती त्याने परत येत नाही.

दुसरी जनुकचाचणीची. २०२३ मध्ये चोरट्यांनी ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या सुमारे १४,००० ग्राहकांची खाती, इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उघडली. पण त्या खात्यांत ‘तुमचे नातेवाईक शोधा’ अशी सोय होती. त्या सोयीच्या धाग्यादोऱ्यांवरून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. आपला पासवर्ड नीट जपणाऱ्यांचीही गेली, कारण कुठल्या तरी चुलत चुलत भावाने आपला जपला नव्हता.

तिसरी हकिकत वेगळी आहे आणि मुद्दाम सांगतो, म्हणजे बाजू एकांगी होणार नाही. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत खून आणि बलात्कारांची मालिका झाली होती. आरोपी चाळीस वर्षे सापडला नाही. २०१८ मध्ये पोलिसांनी घटनास्थळावरचा जनुकीय नमुना ‘जेडमॅच’ या वंशावळीच्या संस्थळावर टाकला. त्याचे दूरचे नातेवाईक तिथे सापडले, वंशवृक्ष मांडत मांडत तपास जोसेफ डिअँजेलो या माजी पोलिसापर्यंत आला आणि २०२० मध्ये त्याने १३ खुनांची कबुली दिली. त्याने स्वतः जनुकचाचणी कधी केलीच नव्हती. न्याय झाला, याचा मला आनंद आहे. पण २०१८ मध्येच यानिव्ह एर्लिक आणि सहकाऱ्यांनी गणित मांडले, की युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के अमेरिकनांना अशा रीतीने दूरच्या नातेवाइकांवरून गाठता येईल. पुढच्याच वर्षी जेडमॅचने नियम बदलला: पोलिसांना शोधू द्यायचे की नाही, हे ज्याने त्याने सांगायचे. उशिरा का होईना, विचारले गेले.

कोणी म्हणेल, आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय? त्यांच्यासाठी समाजशास्त्रज्ञ किरन हीली यांनी २०१३ मध्ये करून दाखवलेला प्रयोग सांगतो. तेव्हा अमेरिकी सरकार कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा करते, हे एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे उघड झाले होते आणि ‘आम्ही बोलणे ऐकत नाही, फक्त कोणी कोणाला फोन केला ते पाहतो’ असे समर्थन चालले होते. हीलींनी अमेरिकी क्रांतीपूर्वीच्या बॉस्टनमधल्या सात संघटनांच्या सदस्ययाद्या घेतल्या. एकूण २५४ माणसे. पत्र नाही, भाषण नाही, कोण काय म्हणाले याचा एक शब्द नाही. फक्त कोणाचे नाव कुठल्या यादीत. गणित केले, दोन वेगळ्या गटांना सांधणारा माणूस कोण, हे शोधले आणि एक नाव सगळ्यांच्या वर आले: पॉल रिव्हिअर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावरून जाऊन ब्रिटिश फौज निघाल्याची खबर देणारा तो चांदीकाम करणारा कारागीर. हे साधन त्या वेळच्या ब्रिटिशांच्या हाती असते, तर त्यांना हेरांची गरजच पडली नसती.

आता आपल्या याद्या आठवा. मंडळाची कार्यकारिणी, मराठी शाळेतले पालक, ढोलताशा पथक, गणेशोत्सवाचे स्वयंसेवक, अधिवेशनाचे नोंदणीपत्रक, वधूवर सूचक मंडळ, गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट. एकेक यादी निरुपद्रवी. सगळ्या एकावर एक ठेवल्या की कोणाचे कोणाशी जमते, कोण एकटे पडले आहे, कोणाचा व्हिसा कुठल्या कंपनीच्या हातात आहे, कोणाचे लग्न मोडले, हे बाहेरच्याला घरबसल्या कळते.

आणि आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळते, ती बोलायला अवघड आहे म्हणून टाळणार नाही. जात. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, कोणाच्या घरी कोणाचे लग्न झाले, एवढे जोडले की माणसाने कधीही न सांगितलेली जात यंत्र सांगते. ती मागे ठेवून इथे आलेली माणसे आपल्यात आहेत. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्या कायद्याविषयी मतभेद असतील, पण ज्याने जे सांगितलेले नाही ते याद्या जोडून उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, याविषयी मतभेद होऊ नयेत.

हे सगळे आपल्याला नवे नाही, कारण नाती नोंदवण्याची आपली स्वतःची परंपरा मोठी आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला जा. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की क्षेत्रोपाध्ये वही काढतात आणि खापरपणजोबा कधी, कोणाबरोबर आले होते ते वाचून दाखवतात. जुनी नोंद मोडीत, कित्येकदा येणाऱ्याच्याच हातची. खाली आपण आपली नोंद करायची. ती वही पाहायला स्वतः जावे लागते, आपण कोण ते सांगावे लागते, आणि वही ठेवणारा समोर बसलेला असतो. चुकीची नोंद झाली, तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असते.

विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. पत्रे पाठवून, गावोगाव हिंडून, घराण्यातल्या कोणीतरी आयुष्याची वर्षे त्यात घातली. त्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांतली उणीवही पाहिली पाहिजे. बहुतेक कुलवृत्तांतांत मुलाची शाखा पिढ्यान् पिढ्या चालते. मुलीची नोंद ‘अमुक गावच्या तमक्यांना दिली’ इथे संपते. नकाशा काढणाऱ्याने कोणाला धरले आणि कोणाला सोडले, यावरून त्याच्या मनातले कुटुंब कळते. आज हेच कुलवृत्तांत स्कॅन होऊन वंशवृक्षाच्या अमेरिकी संस्थळांवर चढत आहेत. ज्या माहितीसाठी काकांनी पत्र लिहून विचारले होते, ती आता पुतण्या एका बैठकीत चढवतो. त्यात हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव असते. इथल्या कितीतरी बँका ओळख पटवण्यासाठी हेच विचारत आल्या आहेत.

मग करायचे काय? कायदा थोडी मदत करतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून ‘माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा, ती पुसा’ असे मोठ्या कंपनीला म्हणता येते. पण तो हक्क एकेकट्या ग्राहकाचा आहे. माझ्याविषयी तुम्ही दिलेली माहिती, तुमच्या फोनमधून गेलेला माझा नंबर, आपल्या दोघांमधली रेघ, यांना धरून नीट बोलणारा कायदा अजून यायचा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी एमआयटीत ‘सॉलिड’ नावाचे काम सुरू केले, त्यात माहिती प्रत्येकाच्या स्वतःच्या कोठारात राहते आणि ॲपने दार वाजवून आत यायचे असते. फोफचाच विचार, अधिक पक्क्या कुलुपासह. तो रुजेल अशी मला आशा आहे. पण कायद्याची आणि तंत्राची वाट पाहत बसण्याची गरज नाही. आपल्या हातात जे आहे, त्याविषयी चार सूचना करतो.

मंडळाची सदस्यसूची दरवर्षी नव्याने विचारून करावी. नाव, फोन, पत्ता, मूळ गाव, प्रत्येकाचा होकार वेगळा घ्यावा आणि गप्प राहणे म्हणजे होकार, असे धरू नये.

कुठलेही ॲप ‘संपर्क यादी देता का’ म्हणून विचारते, तेव्हा ते तुमच्या मावशीचा, डॉक्टरांचा आणि मुलाच्या शिक्षिकेचा नंबर मागत असते. तो द्यायचा अधिकार त्यांचा आहे. ‘नाही’ म्हणावे.

जनुकचाचणीचे पाकीट मागवण्यापूर्वी भावंडांशी आणि मुलांशी बोलावे. ती चाचणी एकट्याची कधीच नसते. वंशवृक्ष चढवताना हयात माणसांची नोंद झाकून ठेवावी, आणि लेकींच्या शाखा त्यांना विचारून, पण पुऱ्या लिहाव्यात.

चौथी सूचना उलट दिशेची आहे. याद्यांच्या भीतीने दारे लावून घेऊ नयेत. परवा भारतातून आलेली गरोदर मुलगी, जोडीदार गेल्यावर मोठ्या घरात एकटे राहिलेले आजोबा, व्हिसा संपत आलेला तरुण, यांना आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट हवीच. ती वाट यंत्रापेक्षा माणसांनी चालवावी. मंडळाने दोन-तीन जणांना हे काम नेमून द्यावे. ज्याला गरज आहे त्याने त्यांच्याकडे यावे. त्यांनी पलीकडच्याला विचारावे, ‘तुमचा नंबर यांना देऊ का?’, आणि होकार आला की मगच जोडून द्यावे. याला वेळ जास्त लागेल, एखादा दिवस जाईल. पण या रीतीने जुळलेल्या ओळखीत दोन्ही टोकांचा होकार असेल.

ज्या पिढीच्या नावाने आपण जमलो, तिने परक्या देशात एकमेकांना शोधण्याचे कष्ट घेतले. आपल्या पिढीवर वेगळे काम आले आहे. शोधणे आता सोपे झाले. विचारणे मात्र मागे पडले. ते आपण पुन्हा रूढ केले पाहिजे. येत्या सर्वसाधारण सभेत सदस्यसूचीच्या होकाराचा ठराव मांडावा, अशी मी कार्यकारिणीला जाहीर विनंती करतो. इतर मंडळांनाही तो कळवावा. एका मंडळाने घालून दिलेली रीत दुसरे मंडळ उचलते, हे आपण गणेशोत्सवापासून मराठी शाळांपर्यंत पाहत आलो आहोत.